संकल्पाला मेमो येत नाही

सुरतेतल्या मराठी माणसाला नवं वर्ष चार वेळा लागतं. पहिलं इंग्रजी, एक जानेवारीचं. दुसरं चैत्रातलं, पाडव्याचं. तिसरं आखाजीचं, कारण लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा भागातला बहुतेक मराठी माणूस जळगाव-धुळे-नंदुरबारकडचा, आणि खानदेशात सालदाराचं साल अक्षय्य तृतीयेला बदलतं. चौथं दिवाळीनंतरचं गुजराती बेसतं वर्ष. त्या दिवशी सगळं मार्केट बंद असतं आणि माणसं एकमेकांना ‘साल मुबारक’ म्हणत हिंडतात. मुहूर्त चार, म्हणून संकल्पही चार. बहुधा एकच संकल्प चारदा.

संकल्प मोडायची सोय मात्र इथे बारमाही आहे. थंडीत पोंक येतो, म्हणजे आपला हुरडाच, पण सोबत लिंबू-मिरीची शेव. उत्तरायणाला उंधियुं. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चंदी पडवो. त्या रात्री अर्धं शहर रस्त्याकडेला सतरंज्या टाकून बसतं आणि तुपाने माखलेली घारी फरसाणाबरोबर खातं. लोचो तर कुठल्याच सणाची वाट बघत नाही, तो रोज सकाळी वाफेवर हजर. ज्या गावाबद्दल ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ अशी म्हण आहे, तिथे ‘उद्यापासून कमी खायचं’ असं चारचौघांत म्हणायला छाती लागते. ही छाती हल्ली फोन पुरवतो.

पूर्वी संकल्प वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा आणि वही हरवायची, इतकं सोपं होतं. आता वही हरवत नाही. पाणी प्या म्हणून एक ॲप, झोपा म्हणून दुसरं, श्वास घ्या म्हणून तिसरं. श्वास आपण इतकी वर्षं कोणाच्या आठवणीवर घेत होतो, देव जाणे. फोनच्या पडद्यावर ध्यानाचं, चालण्याचं, इंग्रजी सुधारण्याचं आणि फोन कमी वापरण्याचं अशी ॲपं शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत असतात. शेवटचं उघडायलाही फोन हातात घ्यावा लागतो.

डिंडोलीतल्या आमच्या आप्पांचं बघा. त्यांची हयात रिंगरोडच्या कापड मार्केटात मेहताजी म्हणून गेली, सगळी गादीवर मांडी घालून. पुण्याच्या मुलाने वाढदिवसाला मनगटावरचं घड्याळ पाठवलं. त्यात वेळही दिसते, पण तो त्याचा जोडधंदा. मुख्य काम आप्पांवर नजर ठेवण्याचं. तासभर बसून झालं की ते मनगटावर थरथरतं आणि उभं राहायला सांगतं. सुरुवातीला आप्पा दर थरथरीला उठायचे, कोणी आलं की काय म्हणून दारापर्यंत जाऊन यायचे. पुढे बसल्या जागी ‘हो हो’ म्हणू लागले. मग एका दुपारी झोपमोड झाली तेव्हा ते ठेवणीतल्या अहिराणीत म्हणाले, “हाई घड्याळ माले ऊठ म्हनस, बस म्हनस. मना बाप बी इतलं बोलना नही.” माईंचं म्हणणं असं, की हेच सगळं त्या लग्न झाल्यापासून सांगत आहेत, पण त्यांना चार्जर नसल्यामुळे त्यांचं कोणी मनावर घेत नाही.

घड्याळाला पाय दिसत नाहीत. ते हाताच्या झोक्यावरून पावलं ताडतं. हे आप्पांच्या लवकर ध्यानात आलं, शेवटी मेहताजी. सुरतेत राहून माणूस गुजराती होवो न होवो, घरात झोपाळा येतोच, तसा त्यांच्या ओट्यावरही आहे. त्यावर पाय वर घेऊन बसायचं, डावा हात कडेने लोंबता सोडायचा, माईंनी येता-जाता एक धक्का द्यायचा. आप्पा हळूहळू हेलकावे घेतात, हात मागेपुढे होतो, घड्याळ भाबडेपणाने मोजत राहतं. रात्रीच्या खिचडीपर्यंत चांगली तीन-चार हजार पावलं जमा. जन्मभर दुसऱ्याच्या चोपड्या बिनचूक लिहिलेल्या माणसाने स्वतःच्या चोपडीत केलेला हा पहिला गोलमाल. पुण्यातल्या मुलाच्या फोनवर बापाचा आलेख रोज चढता दिसतो. तो तिकडून अंगठा पाठवतो. आप्पा इकडून हात जोडतात, तेही झोपाळ्यावरूनच.

मुळात दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्याने नाडी बघून काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात व्यायामाची लाट आली. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घालून टाकली. आकडा गोल, लक्षात ठेवायला सोपा, विकायला त्याहून सोपा. साडीवर ९९९ ची चिठ्ठी लावणाऱ्या गावाला हे समजावून सांगायची गरज नाही.

गंमत म्हणजे हे दहा हजार ज्यांचे खरोखर भरतात, त्यांच्या मनगटावर असलं घड्याळ नसतं. पॉवरलूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करणारा कारागीर मागांच्या रांगेतून सारखा येरझारा घालतो. इथे तुटलेला धागा जोड, तिथे बंद पडलेला माग सुरू कर. त्याला कोणी पडद्यावर अभिनंदनाचे फुगे सोडत नाही. तिकडे वराछ्यात घंटीवर बसून हिरे घासणाऱ्याला घड्याळाने ऊठ म्हटलं तरी उठता येत नाही, कारण हातातला हिरा शेठचा आणि वेळही शेठचीच. चालणाऱ्यांकडे घड्याळ नाही, घड्याळवाल्यांकडे चालणं नाही, मधल्या मध्ये कंपनी तेवढी चालते.

या यंत्रांचा दुसरा लाडका आकडा २१. एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात. आपल्याकडे एकवीस दूर्वा, एकवीस मोदक, त्यामुळे हा आकडा ऐकताच आपण मान डोलावतो. प्रत्यक्षात तो मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून निघाला. शस्त्रक्रियेनंतर माणसाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला किमान २१ दिवस जातात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. पुढच्यांनी त्यातलं ‘किमान’ गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी पहाटेचं उठणं बसवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर याचा रीतसर अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाचं १८ दिवसांत भागलं, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आता एक जानेवारीपासून २५४ दिवस मोजा. तेवढ्यात पाडवा होतो, आखाजी होते. पहिली सवय लागण्याआधीच दोन नवे संकल्प दारात रांग लावून उभे.

त्याच अभ्यासात एक दिलाशाची गोष्टही आढळली. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. ॲपला हे मुळीच मान्य नाही. एक खाडा झाला की त्याची अखंड साखळी तुटते आणि शंभरावर आलेला आकडा शून्यावर येतो. ही साखळी टिकवण्यासाठी माणसं काय काय करतात! आमच्या भाच्याने स्वतःच्या वरातीत, बँडच्या मागे, घोड्यावर बसून दोन मिनिटांचं ध्यान उरकलं. घोडा बिचारा दोन मिनिटं खोळंबला, करवल्यांना वाटलं नवरदेव भावुक झाला. बारा वाजायला आठ मिनिटं कमी होती. साखळी वाचली. मनःशांतीचं काय झालं ते ॲपने विचारलं नाही.

एकट्याने जमत नाही म्हणून माणूस मग गटात जातो. आमच्या सोसायटीचा सकाळी चालणाऱ्यांचा व्हॉट्सॲप गट आहे. पहाटे साडेपाचला ॲडमिनभाऊ पहिली हाळी देतात. पाठोपाठ सुप्रभातांची सर येते, मग कमळं, मग वाफाळत्या चहाचे कप, मग गरम पाण्याचे फायदे, मग गरम पाण्याचे तोटे. साडेसहाला तापीच्या पुलावरून घेतलेला सूर्योदय येतो. एकदा भर आषाढात, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना, गटावर लखलखीत केशरी सूर्योदय उगवला. कोणी चकार शब्द काढला नाही, कारण प्रत्येक जण तो आपापल्या गादीवरून बघत होता. उलट सतरा अंगठे आले. सवय कोणालाच लागली नाही असं नाही म्हणता येणार. पहाटे साडेपाचला उठून फोन बघायची सवय सगळ्यांना पक्की लागली आहे.

सुरतेला मोठ्या आकड्यांची हौसही आहे. २१ जून २०२३ ला इथे जवळजवळ दीड लाख माणसांनी एकाच वेळी योगासनं केली आणि सर्वांत मोठा योगवर्ग म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम राजस्थानातल्या कोट्याचा, २०१८ मधला, लाखभराचा. तो आपण मोडला. २२ जूनला किती जणांनी चटई उलगडली, हे मोजायला मात्र गिनेसची माणसं थांबली नाहीत. शहाणी असतात ती.

पैशाच्या बाबतीत यंत्र बरं वागतं हे कबूल केलं पाहिजे. महिन्याच्या ठरावीक तारखेला एसआयपी आपोआप कापली जाते आणि माणूस आपल्याला बचतीची सवय लागली म्हणून ऐटीत हिंडतो. ती सवय बँकेला लागलेली असते. बँकेच्याच त्याच सोयीने न वापरलेल्या जिमची वर्गणी आणि न ऐकलेल्या ध्यानवर्गाची फीही दरमहा नेमाने जाते. आमच्या मामींची भिशी मात्र आपोआप कापली जात नाही. महिन्याच्या ठरल्या दिवशी वीस बायका एका खोलीत बसतात, आणि एकीचे पैसे आले नाहीत तर बाकीच्या एकोणीस जणी तिच्याकडे बघतात. नुसत्या बघतात. इतक्या वर्षांत ती भिशी एकदाही बुडालेली नाही.

इथेच खरी मेख आहे. फोन, घड्याळ, ॲप ही सगळी आपल्या पगारावरची माणसं. नोकराने मालकाला ‘साहेब, आता उठा, भजी पुरे’ असं कितीदा सांगावं? मालक अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात त्याला गप्प करतो, फार बोलला तर काढूनच टाकतो. आपल्या हाताखालचं यंत्र आपल्याला सवय लावू शकत नाही. आपण त्याच्या नजरेखाली आलो, तर गोष्ट वेगळी. ते बघायला घरातून उठून सुरतेच्या एखाद्या चौकात जावं लागतं.

सुरतेत सिग्नल बरीच वर्षं होते, पण त्यांची गणना रोषणाईत होई. लाल दिव्याला कोणी थांबलाच, तर मागून येणारा आपुलकीने विचारी, “काय झालं भाई, गाडी बंद पडली?” हेल्मेटही घरोघरी होतं, ते आरशाला अडकवत, कोपरात घालत, त्यातून कोथिंबीर आणत. २०१९ च्या डिसेंबरात राज्य सरकारने शहरी रस्त्यांवर हेल्मेट ऐच्छिक केलं, तेव्हा सुरतेने आपली इच्छा एकमुखाने कळवली होती. पुढे तो निर्णय मागे गेला, डोकी होती तिथेच राहिली. मग २०२४ मध्ये शहर पोलिसांनी सिग्नल मनावर घेतला, आणि १५ फेब्रुवारी २०२५ पासून हेल्मेटही. चौकात माणसं उभी राहिली, खांबांवर कॅमेरे होतेच. बोडक्या डोक्याचा फोटो निघतो आणि घरी मेमो येतो. ई-चलानाला इथे मेमोच म्हणतात. किंमत ५०० रुपये.

लोकांनी आधी यंत्राला चकवायचे सगळे मार्ग करून पाहिले. मागे बसलेल्या पोराने चौक आला की पाय मागे टाकून नंबरप्लेट झाकायची. वहिनींनी ओढणीचं टोक बरोबर तिथेच सोडायचं. कॅमेऱ्याच्या अलीकडे हेल्मेट डोक्यावर, पलीकडे पुन्हा कोपरात. कुठल्या खांबावरचा कॅमेरा बंद आहे याची माहिती शेअर बाजाराच्या टिपेसारखी कानोकानी फिरे, आणि टिपेसारखीच चुकीची निघे. पण कॅमेरा हे यंत्र घड्याळासारखं भाबडं नाही. त्याला झोपाळ्यावर बसवता येत नाही.

शेजारच्या भाऊंचा मेमो तर सोसायटीच्या इतिहासात जमा झाला. भाऊंना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. दर रविवारी संध्याकाळी ते बूट घालून, घड्याळ लावून ‘नदीकाठी चालून येतो’ म्हणून निघत आणि घामाघूम होऊन परतत. वहिनी कौतुकाने पंखा लावून देत. एके दिवशी मेमो आला. भाऊ घरी नव्हते, वहिनींनी उघडला. त्यावर तारीख रविवारची, वेळ संध्याकाळची, ठिकाण डुमसचा रस्ता. फोटोत स्कूटरवर भाऊ, डोकं बोडकं, आणि हँडलला लोंबणारी, तेलाने पारदर्शक झालेली पुडी. डुमसच्या टोमॅटो भज्यांची पुडी ओळखायला सुरतेत पंचनामा लागत नाही. मेमो हेल्मेटचा होता, गुन्हा भज्यांचा शाबीत झाला. भाऊंच्या घड्याळाला हे सगळं आधीपासून ठाऊक असणार, पण ते पडलं नोकर. त्या दिवसापासून भाऊ हेल्मेट घालतात, आणि भजीही महिन्यातून एकदाच खातात, वहिनींना मागे बसवून.

कॅमेरे नवे असले तरी युक्ती जुनी आहे, आणि तिचा मोठा प्रयोग याच शहरात झाला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने पळाली. खानदेशाकडच्या गाड्यांत तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी लोकांना स्वच्छतेचे सुविचार वाटले नाहीत. अधिकाऱ्यांना रोज सकाळी थंड खोल्यांतून काढून गल्लीबोळांत उभं केलं, रात्री रस्ते झाडून घेतले, कचरा टाकणाऱ्या दुकानदारांना आणि खाणावळींना दंड केले. दीड-दोन वर्षांत देशातल्या घाणेरड्या शहरांत मोडणाऱ्या सुरतेचं नाव स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर इंदूरबरोबर पहिला नंबर विभागून मिळाला. आज गल्लीत कचरागाडीचं गाणं वाजलं की बायाबाप्ये ओला-सुका असे दोन डबे घेऊन जिने उतरतात. ओल्यात प्लास्टिकची पिशवी दिसली तर गाडीवाला एकदाच वर बघतो, पण शेजारच्या जिजी आठवडाभर बघतात. ओला कचरा वेगळा ठेवायची सवय आमच्या घराला लागली ती जिजींमुळे.

खरं तर खानदेशी माणसाला हे शिकवायला कॅमेराही नको होता. मुक्ताईनगरपासून लिंबायतच्या हरिनाम सप्ताहापर्यंत एक यंत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, तुळशीची माळ. ती गळ्यात पडली की मांस-मद्य सुटलं. तिला चार्जिंग लागत नाही, ती थरथरत नाही, पावलं मोजत नाही. मोजली असती तर पंढरपूरच्या वाटेवरच्या आकड्यांनी जपानी कंपनी चक्रावली असती. माळ गुपचूप काम करते, कारण ती सगळ्यांना दिसते. माळकरी माणूस लग्नात चुकून मटणाच्या पंगतीकडे वळला, तर वाढपीच त्याला दंडाला धरून वरण-बट्टीच्या पंगतीत नेऊन बसवतो. ‘बाबा, तुमचं पान तिकडे.’ संपलं. अख्खं गाव त्या माळेचं सॉफ्टवेअर असतं.

मग प्रश्न येतो, नजर हटल्यावर काय होतं? याचं उत्तर सुरत-भुसावळ गाडीत मिळतं. वाटेत नवापूर लागतं. दोन राज्यांची हद्द या स्टेशनातूनच गेली आहे. तिथल्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, त्यावर बसून लोक फोटो काढतात. गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. लॅलीबाईंच्या २५४ दिवसांचा हिशेब तिथे कधीच भरून गेला. तरीही नवापूर जवळ आलं की डब्यातले काही पावणे एकाएकी टवटवीत होतात, खिडकीतून महाराष्ट्राकडे मायेने बघू लागतात, आणि मामेभावाच्या लग्नापेक्षा मामेभावाच्या गावाची त्यांना अधिक ओढ असल्याचं लक्षात येतं. बाकाच्या या टोकाला निर्व्यसनी असलेला माणूस त्या टोकाला सरकेपर्यंतच निर्व्यसनी राहतो.

पण याच गाडीने गेलेल्या आमच्या त्या मेमोवाल्या भाऊंचं बघा. जळगावात त्यांनी भाच्याची मोटारसायकल घेतली. डोक्यात हेल्मेट घातलं म्हणून भाचा हसला, भाऊंनी दुर्लक्ष केलं. पुढे एका चौकात दिवा लाल झाला. पोलीस नाही, कॅमेरा दिसत नाही. भाऊ पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे एक पाय टेकून उभे. मागून हॉर्नचा गजर सुरू झाला. एक रिक्षावाला शेजारी येऊन काळजीने म्हणाला, “काय भो, गाडी बंद पडनी का?” भाऊ ओशाळले, पण हलले नाहीत. नंतर म्हणाले, “पाय आपोआप खाली गेला रे. डोकं म्हणत होतं जा, पाय ऐकेना.”

साठ-पासष्ट वर्षांच्या बंदीला जे जमलं नाही, ते कालपरवाच्या लाल दिव्याला कसं जमलं? बंदीत करायचं काही नसतं. माणसाने नुसतं एक काम न करता बसायचं आणि हद्द कुठे संपते ते लक्षात ठेवायचं. सिग्नलला दिवसातून दहा वेळा एक छोटं काम करावं लागतं. दिवा लाल, ब्रेक, पाय खाली. तेच ठिकाण, तीच खूण, तीच कृती, आणि आजूबाजूला आपल्यासारखेच थांबलेले पन्नास जण. सुरुवातीला कॅमेऱ्यासाठी थांबलेला माणूस पुढे शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवाल्यासाठी थांबतो, आणि मग त्याचा पाय कोणाचीच वाट बघत नाही. माळेतही तेच आहे. ती नुसतं ‘खाऊ नको’ म्हणत नाही. हरिपाठ, एकादशी, वारी असं रोजचं आणि सालाचं काम मागे लावून देते. म्हणून माळकऱ्याला नवापूर लागत नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या नव्या वर्षाला, चारपैकी जे आधी येईल त्याला, ‘कमी खाईन’, ‘राग सोडीन’ असले नुसते बंदीहुकूम काढू नका. रोज, ठरल्या जागी, पाच मिनिटांत उरकेल असं एकच काम धरा. जेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणं धरा. ॲप काढून टाका असंही सांगत नाही. फक्त त्याची सूचना आपल्या फोनवर घेऊ नका. बायकोच्या, सुनेच्या, शेजारणीच्या, तुम्हाला अजिबात न भिणाऱ्या कोणाच्याही फोनवर ती जाऊ द्या, आणि चुकलात तर ५०० रुपये त्यांच्याकडे रोख भरा. एवढं करायला जीवावर येत असेल, तर तुम्हाला सवय नको आहे. तुम्हाला फक्त ॲप हवं आहे, आणि ते फुकट मिळतं.